एक रिंग, मग कट

शालनताईला भीती वाटत नाही अशी वस्तू जगात असेलही, पण मी ती पाहिलेली नाही. लिफ्टची वाटायची म्हणून ती जिन्यानं यायची, आणि जिन्यातले दिवे गेले तर काय, म्हणून पर्समध्ये छोटी बॅटरी ठेवायची. कुत्र्यांची वाटायची. गॅसच्या शेगडीची वाटायची. हायवेवरच्या टँकरची तर इतकी, की रस्त्याच्या त्या बाजूला टँकर दिसला तरी ती या बाजूला चपला घट्ट करायची. ऑफिसातला एसी बंद पडला तर जीव गुदमरेल ही भीती होती आणि चालू राहिला तर छाती भरेल ही पण होती, त्यामुळे उन्हाळ्यातही ती साडीवर तपकिरी स्वेटर घालून बसायची. पण या सगळ्यांच्या वर एक भीती होती. वाजत राहिलेल्या आणि कुणीच न उचललेल्या फोनची. आणि बाईला नोकरी मिळाली होती ती नेमकी फोन लावायची.

तुंगार्लीत तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक हॉटेल बंद पडलं होतं. त्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये आमचं ऑफिस. भिंतीवर पिसारा फुलवलेला मोठा मोर रंगवलेला होता, तो कुणी पुसला नाही. त्याच्यासमोर ओळीनं टेबलं, टेबलांवर कॉम्प्युटर आणि कानाला हेडफोन लावलेल्या आम्ही बायका. काम इंग्लंडमधलं होतं. तिकडे घरात एकेकटी राहणारी म्हातारी माणसं फार. त्यांना रोज सकाळी फोन करायचा आणि विचारायचं, उठलात का, बरं वाटतंय ना, गोळ्या घेतल्या का. तीन वेळा लावूनही फोन उचलला गेला नाही, तर ज्या शेजाऱ्याकडे घराची दुसरी किल्ली आहे त्याला कळवायचं. पूर्वी हे काम त्याच गावातल्या बायका करायच्या. त्यांचे पगार परवडेनात म्हणून तिथल्या कंपनीनं ते परदेशी द्यायचं ठरवलं आणि फिरत फिरत ते लोणावळ्यात आलं. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार, त्यामुळे घरच्यांचीही हरकत नव्हती. मावळातल्या मुलींना बारावीनंतर हिंजवडीच्या बसमागे न धावता, गावातून डबा घेऊन जाता येईल अशी खुर्चीतली नोकरी मिळाली. त्याचं आम्हाला किती अप्रूप होतं ते आज सांगूनही पटायचं नाही.

पहिल्या दिवशी आमच्या नितीन सरांनी भाषण केलं. ते ऑफिसचे प्रमुख. पुण्याहून यायचे. माणूस सरळ होता, पण गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. ते म्हणाले, "आपण फार हुशार आहोत म्हणून हे काम इथं आलेलं नाही. आपण स्वस्त पडतो म्हणून आलंय. तेवढं लक्षात ठेवा आणि कामाला लागा." आम्ही सगळ्या हसलो. शेवटच्या ओळीतून एक हात वर गेला. तपकिरी स्वेटर.

"सर, आनि आपल्यापरीस कुनी सस्तं निगालं तर?"

सर म्हणाले, "चहा घ्या सगळ्यांनी."

चहाच्या वेळी मी तिला म्हटलं, "ताई, पहिल्याच दिवशी कशाला विचारायचं असलं?" ती कपात फुंकर घालत म्हणाली, "भ्या वाटलं की इचारायचं. गप बसायचं न्हाई." हे वाक्य पुढं मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला त्याची चाल पाठ झाली.

ती वलवणची. पोरं मार्गी लागलेली, नवरा गेलेला. आमच्यातल्या बहुतेक जणींच्या आईच्या वयाची. तिला घेतलं ते तिच्या इंग्रजीमुळे. तुंगार्लीतल्या एका बंगल्यात तिनं अनेक वर्षं एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळलं होतं. त्या बाईंना मराठी येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती, म्हणून हिनंच त्यांचं इंग्रजी उचललं. शाळेतलं नव्हे, बंगल्यातलं. आम्ही कॉलेजातून घासूनपुसून आणलेलं इंग्रजी बोलायचो आणि पलीकडची म्हातारी "काय, काय?" करायची. ही मात्र "आर यू ऑल राइट, माय डिअर?" एवढंच अशा सुरात विचारायची की पलीकडचं माणूस आपल्या गुडघ्यापासून सुरुवात करायचं. तिचं व्याकरण ऐकून आमची करमणूक व्हायची. कॉम्प्युटरवर तर ती दिवसातून एकदा तरी भलतं बटण दाबून पडदा काळा करून टाकायची आणि मग छातीवर हात ठेवून मला हाक मारायची, "मनू, मेलं गं हे." मी शेजारच्या खुर्चीवर होते, त्यामुळे मेलेला कॉम्प्युटर जिवंत करणं हे माझं दुसरं काम झालं.

फोन वाजायला लागला की ती उभी राहायची. बसून फोन लावणं तिला जमलंच नाही. उचलला की बसायची. नाही उचलला तर उभीच, स्वेटरचं खालचं बटण पिरगाळत. दुसऱ्यांदा लावायची तेव्हा ओठ हलायला लागायचे. तिसऱ्यांदाही उचलला नाही तर तिचा चेहरा बघवायचा नाही. बहुतेक वेळा कुणी अंघोळीला गेलेलं असायचं, कुणी मांजर शोधत अंगणात. शेजारी वैतागायचे. पण ज्या वेळी खरंच कुणी पडलेलं सापडायचं, त्या दिवशी आम्हा सगळ्यांचे डबे तसेच घरी परत जायचे. हजारो मैलांवरच्या कुठल्या तरी घरात फोन वाजतोय, तिथं जमिनीवर कुणी तरी तो ऐकत पडलंय आणि त्याचा हात पोचत नाहीये, हे चित्र एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही. मलाही रात्री अंथरुणावर ती रिंग ऐकू यायची.

एकदा डबा खाताना मी तिला विचारलं, तुला एवढी भीती आली कुठून? तिनं भाकरी खाली ठेवली.

"माजं म्हायेर डोंगरावरच्या वाडीत. घरं लांब लांब. सकाळी उठली का आई आधी भाईर यायची आनि पल्याडच्या बायजामावशीच्या घराकडं बगायची. छपरातून धूर निगाला का म्हनायची, हाय. मंग आपली चूल पेटवायची. मावशी बी आमच्याकडं बगायची तशीच. येका सकाळी तितला धूर दिसला न्हाई. आई म्हनली, लेकीकडं गेली आसंल. समद्या वाडीनं तसंच म्हनलं. दुसऱ्या दिशी बी तसंच म्हनलं. मावशी दारातच पडली हुती. लेकीकडं कुटं गेली न्हवती. जाऊन इचारलं आसतं तर वाचली आसती का, ते न्हाई म्हाईत. पन कुनी इचारलंच न्हाई."

मग तिनं भाकरी पुन्हा उचलली आणि मला चटणी वाढली.

आता वॉल्टर. तिच्या यादीतलं हे सगळ्यात खडूस गिऱ्हाईक. समुद्राकाठच्या कुठल्या तरी गावात एकटा राहायचा. बायको गेलेली, मुलं नाहीत, कानानं कमी ऐकू यायचं आणि दयेचा त्याला मनस्वी तिटकारा. रोज फोन उचलून तो एकच बोलायचा, "मी अजून मेलेलो नाही," आणि आपटायचा. मग आपटायचा कंटाळा आला म्हणून उचलायचाच बंद झाला. तीनदा फोन, मग शेजारीण, मग तिनं जाऊन किल्लीनं दार उघडायचं, आणि हा आत मजेत पाव भाजत बसलेला. शेजारीण रडकुंडीला आली आणि शालनताईचं जेवण सुटलं.

शेवटी एके दिवशी तिनं त्याला फोनवर गाठलंच. ओरडून ओरडून त्याला समजावलं, की बाबा, बोलू नकोस. तू सकाळी उठलास की आमच्या नंबरवर फोन लाव, एक रिंग होऊ दे आणि कट कर. मी उचलणार नाही. मला कळेल तू आहेस. काही सांगायचं असेल त्या दिवशी कापू नकोस, वाजू दे, मग मी उचलेन. मग म्हातारा हसला. तो रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होता जन्मभर. एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये घंटेचा एक ठोका द्यायचा आणि पलीकडच्यानं समजून घ्यायचं, यात त्याची सगळी नोकरी सरलेली. त्याला दुसरं काही समजवावं लागलं नाही.

मिसकॉलचं आपल्याकडे कुणाला काय नवल. एसटीतून उतरलं की मिसकॉल. भाजी आणायला सांगायची असली की मिसकॉल. शालनताई तर मी कामशेतला घरी पोचल्याचा मिसकॉल दिल्याशिवाय देवापुढे दिवा लावायची नाही. पण साता समुद्रापलीकडच्या माणसाला तिनं हे शिकवावं याची आम्हाला भारी गंमत वाटली. तिकडे साडेसात झाले की तिच्या टेबलावर एक रिंग वाजायची आणि तुटायची. ती मान डोलावून म्हणायची, "हाय."

पावसाळ्यात रविवारी आमचे हाल असायचे. भुशी धरणावर जायला निम्मं पुणं आणि निम्मी मुंबई लोटायची. असल्याच एका रविवारी आम्हाला आणणारी ऑफिसची गाडी मध्येच अडकली, पुढंही जाईना आणि मागंही येईना. सगळा स्टाफ त्या गाडीत. वलवणहून पायी येणारी शालनताई तेवढी ऑफिसात पोचलेली. आम्ही काचेबाहेर कणसं खाणारी माणसं बघत बसलो होतो आणि तिकडे ती एकटी, सगळी म्हातारी माणसं समोर. तिला घाबरून वेड लागायचंच बाकी असणार. पण तोवर तिच्या स्वतःच्या यादीतल्या बऱ्याच जणांना तिनं मिसकॉलची सवय लावली होती. त्यांच्या रिंगा आपोआप येत गेल्या आणि तुटत गेल्या. उरलेल्यांना तिनं भराभर फोन केले. आम्ही ओलेत्या पोचलो तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती, घामानं डबडबलेली, स्वेटर तसाच. "समदी हायेत," म्हणाली.

नितीन सरांनी दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवायला लावल्या. ती लाजली आणि मग तिला जोर चढला. आमच्याही यादीतल्या माणसांना तिनं हे शिकवायला लावलं. म्हातारी माणसं खूश, कारण रोज रोज तेच बोलायची कटकट गेली. आणि ती स्वतः आणखी एका कारणानं खूश होती. "कंपनीचं बिल बी वाचतंय बग किती," असं ती मला अभिमानानं म्हणाली. फोन उचलला नाही की कुणालाच खर्च नाही, हा आपला सगळ्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यात चूक असेल असं मलाही वाटलं नाही आणि सरांनाही त्या वेळी सुचलं नाही.

महिन्याचा रिपोर्ट तिकडे गेला आणि आभाळ फाटलं. तिकडची कंपनी आम्हाला पैसे द्यायची ते बोललेल्या फोनचे. न बोललेल्याचे नाही. ते तर घटलेच, पण त्याहून वाईट दुसरंच होतं. कुणी फोन केला आणि तो उचलला जायच्या आत तुटला, तर कॉम्प्युटर त्याचा एकच अर्थ लावायचा, की गिऱ्हाईक ताटकळलं आणि कंटाळून फोन ठेवून गेलं. आमच्या नावावर असे फोन पावसाळ्यातल्या बेडकांसारखे उगवले होते. आख्खा रिपोर्ट लाल.

तिकडून हेलन नावाच्या बाई पडद्यावर आल्या. सभ्य बाई. त्यांनी सभ्यपणे विचारलं, की म्हातारी माणसं तुम्हाला फोन करताहेत आणि तुम्ही उचलत नाही, हे काय आहे? नितीन सरांच्या कपाळावरची शीर मला शेवटच्या रांगेतून दिसत होती. शालनताई उभी राहिली, वाजणाऱ्या फोनपुढं राहायची तशीच. तिनं आपल्या बंगल्यातल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मिसकॉल म्हणजे काय, तो का द्यायचा, न उचलणं हेच उचलणं कसं. वॉल्टरही सांगितला. बायजामावशीचा धूर सांगायला निघाली तेव्हा सरांनी डोळे मिटले.

हेलनबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "इंटरेस्टिंग." त्यांचं इंटरेस्टिंग म्हणजे काय ते आम्हाला तोवर समजायला लागलं होतं.

त्या दिवसापासून ऑफिसात भीती राहायला आली. पूर्वी ती एकट्या शालनताईची होती, आता सगळ्यांची झाली. पुण्याहून गाडी आली की माना वळायच्या. सर दार लावून फोनवर बोलायला लागले की टाइप करणारी बोटं थांबायची. काम दुसरीकडे जाणार, आमच्यापेक्षा स्वस्त कुणी तरी मिळालंय, अशी कुजबुज पाणी प्यायच्या जागेपासून सुरू झाली. एकीचं लग्न या नोकरीवर ठरलं होतं. एकीच्या आईनं लेकीच्या पगारावर दुसऱ्याच्या शेतात जाणं सोडलं होतं. मी स्वतः घरात कुणाला काही बोलले नव्हते, पण सकाळी निघताना बाबा "सांभाळून जा" म्हणाले तरी मी मान वर न करता चपला घालायचे. शालनताईनं सगळ्या म्हाताऱ्यांना फोन करून मिसकॉल बंद करायला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, एकट्या वॉल्टरनं नाही. त्याची रिंग यायची, तुटायची. आता ती "हाय" म्हणायची ते ओठातल्या ओठात.

आणि मग एके दुपारी सरांनी आम्हाला मोराच्या भिंतीपाशी बोलावून सांगितलं. काम केनियात जाणार. तिथल्या मुलींना पडद्यावरून आपणच शिकवायचं आणि मग थांबायचं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पहिल्या दिवशी केलेलं ते भाषण त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी शालनताईकडे बघायचं टाळलं.

हे तिच्या मिसकॉलमुळे झालं की तसंही होणारच होतं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला विचाराल तर ते आधीच ठरलेलं होतं. जे काम स्वस्त पडतं म्हणून एका गावातून उचलून आपल्या दारात आणून ठेवलं, ते त्याच कारणानं आपल्या दारातूनही उचललं जाणार, त्याला मिसकॉलची गरज नव्हती. पण असं सगळ्यांना पटत नव्हतं. बायका तिच्याशी तुटक वागायला लागल्या. तिच्या डब्याशेजारी डबा उघडेनात. मी उघडायचे, कारण तिची लसणाची चटणी सोडवत नव्हती. ती जेवता जेवता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "मनू, माज्यामुळं झालं का गं?" मी नाही म्हणायचे. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. भ्या वाटलं की इचारायचं. आणि त्या प्रश्नाला कितीही वेळा उत्तर दिलं तरी तिची भीती जात नव्हती, हे मला दिसत होतं.

तिच्या वाट्याला शिकवायला आलेल्या मुलीचं नाव ग्रेस. पडद्यावर केसांच्या बारीक वेण्या घातलेली, वहीपेन घेऊन ताठ बसलेली, आणि चेहऱ्यावर अशी भीती की शालनताई पहिल्याच मिनिटाला विरघळली. आपली नोकरी जिच्याकडे चाललीय तिच्यावर राग धरायची तिनं मनात तयारी केली होती, असं ती मला नंतर म्हणाली. ते काही जमलं नाही. कॉम्प्युटरचं शिकवणं तिनं माझ्यावर ढकललं आणि स्वतः माणसं शिकवायला घेतली. ह्या बाईला आधी मांजराबद्दल विचारायचं, मगच तब्येतीबद्दल. हा गोळ्या घेतल्या म्हणतो तेव्हा घेतलेल्या नसतात. हिला उजव्या कानानं ऐकू येत नाही, तेव्हा कान बदलायला सांगायचं. ग्रेस मान हलवत राहायची.

शेवटी वॉल्टरची पाळी आली. शालनताईनं घसा साफ केला. हे सांगणं धोक्याचं होतं, सरांनी बजावून ठेवलं होतं. ती पडद्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, की हा बोलणार नाही. हा सकाळी एक रिंग देईल आणि कापेल. रागावू नकोस, उचलू नकोस.

ग्रेसनं पेन खाली ठेवलं आणि ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवून हसत राहिली. म्हणाली, हे तर आमच्याकडेही आहे. माझी आई गावाहून अशीच रिंग देते, शेळ्या घरी आल्या की. आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो.

शालनताई माझ्याकडे वळली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सुटला होता. "आगं, ही तर आपल्यातलीच हाय."

मग दोघींनी ठरवलं. रिंग तुटली की ग्रेस लगेच त्याला उलट फोन लावणार, दोन शब्द ओरडणार, म्हणजे हिशेबात बसेल आणि तिच्या नोकरीला धक्का लागणार नाही. शालनताईला सगळ्यात काळजी ग्रेसच्या नोकरीची होती. आणि ते झालं की ग्रेसनं शालनताईच्या मोबाइलवर एक रिंग द्यायची आणि कापायची. म्हणजे वॉल्टर हाय. काही सांगायचं असेल तर कापायचं नाही, वाजू द्यायचं. एवढंच. आमचा शेवटचा दिवस त्यानंतर लवकरच आला. निघताना कुणी तरी मोरासमोर फोटो काढला. त्यात शालनताई नाही, ती जिन्यानं आधीच खाली उतरली होती.

मला तळेगावात एका दवाखान्यात रिसेप्शनला काम मिळालं. शालनताई पुन्हा बंगले सांभाळायला लागली. तो हॉल आता लग्नाला भाड्यानं देतात म्हणे. मध्ये बरेच महिने गेले. घरी पोचल्याचा माझा मिसकॉल तिला रोज जायचाच, पण भेट नव्हती. मग माझं लग्न ठरलं आणि मी पत्रिका द्यायला स्कूटीवरून वलवणला गेले. मुद्दाम दुपारी गेले, त्या वेळी ती घरी जेवायला येते म्हणून.

तिचं ताट वाढलेलं होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. मोबाइल शेजारी. मला बघून तिला आनंद झाला, पत्रिकेला हळदकुंकू लावलं, मुलगा कुठला, गाडी किती जोरात चालवतो, घाटातून जातो का, सगळं विचारून झालं. पण डोळे मोबाइलकडे. मी म्हटलं, "जेव ना ताई, माझं झालंय."

"ग्रेसचा येऊ दे. आल्याबिगर जेवन जात न्हाई."

रोज येतो का, असं मी विचारलं. "येक दिस बी चुकली न्हाई पोरगी," ती म्हणाली. "आज उशीर झाला वाईच. तितं नेट नसंल." मग म्हणाली, इंग्लंडातली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागं सरकली असतील. घड्याळं सरकायला अजून अवकाश होता, ते तिलाही ठाऊक होतं. तिनं मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. उठून दारात जाऊन आली. स्वेटर नव्हता, पण बोटं पदराचा काठ पिरगाळत होती. मी माझ्या लग्नाचं बोलत होते आणि माझेही डोळे मोबाइलकडे जायला लागले होते.

मोबाइल वाजला. पडद्यावर ग्रेसचं नाव.

शालनताईनं डोळे मिटले आणि "हाय" म्हणायला तोंड उघडलं. रिंग पुन्हा वाजली. मग पुन्हा. ती उभी राहिली. मी पण उभी राहिले, कधी राहिले ते कळलंच नाही. फोन वाजत होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे नुसत्या बघत होतो. तिचा हात पुढं गेला, मागं आला.

"वाजतोय गं मनू," ती म्हणाली. मग स्वतःलाच सांगितल्यासारखं पुटपुटली, "भ्या वाटलं की इचारायचं," आणि फोन उचलला.

"ग्रेस. आर यू ऑल राइट, माय डिअर?"

पलीकडून रडण्याचा आवाज मलाही ऐकू आला. शालनताई बराच वेळ ऐकत राहिली. तिनं मध्ये एकच प्रश्न विचारला, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, आणि उत्तर ऐकून ती खाली बसली. मग ग्रेसला तिनं दोनतीनदा सांगितलं, जेव, पाणी पी, आईला फोन कर. फोन ठेवला.

"आज त्याची रिंग आली ती कापलीच न्हाई," ती मला म्हणाली. "वाजत ऱ्हायली. पोरीला कळलं. उचलला तिनं. त्याला बोलता यीना, नुसता दम लागल्याला. शेजारनीला कळवलं आनि ती येईस्तवर ही फोन धरून बसली, त्याच्याशी बोलत. काय बोलावं सुचंना म्हनून आईच्या शेळ्यांचं सांगत बसली. शेजारीन आली तवा गेल्याला हुता. पन तवर ग्रेस हुती."

तिनं ताटावरचं झाकण काढलं, भाताकडे बघितलं आणि पुन्हा झाकलं.

"आता दुपारचं भ्या कुनासाटी वाटून घ्यायचं गं?"

मी तिच्याजवळ बसून राहिले. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनंच मला उठवलं, अंधार पडल्यावर गाडी चालवू नकोस म्हणाली. हायवेवर टँकर आहेत, डावीकडून जा, हेल्मेटचा पट्टा लाव. मी गाडी सुरू केली तेव्हा ती फाटकाशी आली.

"पोचलीस का मिसकॉल दे."

वळणावर मी आरशात पाहिलं. ती फाटकाशीच होती, मोबाइल हातात धरून, रस्त्याकडे बघत. कामशेतपर्यंत मला मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीची भीती वाटली. दारात पोचल्यावर हेल्मेट न काढताच मी तिचा नंबर लावला. एक रिंग झाली आणि मी लगेच कापला.